पान तीनशे बारावरचा नालबंद

प्रकाशनसंस्थेत सगळे त्यांना वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे वेलांटीबाई. आणि पाठीमागे काय म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्या पुस्तकांची प्रूफं तपासत आल्या होत्या. दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरची सूचना, बँकेचं पत्र, काहीही समोर आलं की त्यांना आधी चूक दिसायची आणि मग मजकूर. एकदा धाकट्या बहिणीने दवाखान्यातून चिठ्ठी पाठवली होती, ‘तुझी खुप आठवण येते.’ बाईंनी त्यातला उकार नकळत पेन्सिलीने दीर्घ केला, आणि काय केलं हे लक्षात आल्यावर स्वतःवरच इतक्या चिडल्या की दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. बहीण त्या दुखण्यातून उठली नाही. मागे राहिली तिची मुलगी. ती आता चोवीस वर्षांची होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि दर रविवारी सकाळी मावशीला फोन करायची. आठवड्यात बाईंच्या घरी वाजणारा तेवढाच एक फोन.

बाईंची कामाची खोली तिसऱ्या मजल्यावर, बोळकांडीच्या टोकाला होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरलेले चार पाइप दिसत. खोलीत समोरासमोर लावलेली दोन टेबलं होती. एक बाईंचं. दुसऱ्यावर सात वर्षं कुणी बसलं नव्हतं. लोक त्यावर जुनी सूचिपत्रं आणून टाकत आणि बाई ती उचलून कपाटावर ठेवत.

पूर्वी प्रूफं दोघांनी मिळून तपासायची पद्धत होती. एकाने लेखकाची मूळप्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागद ताडून पाहायचा. मूळप्रत वाचायला एक गृहस्थ होते. उंच, किंचित वाकलेले, बायको फार पूर्वी गेलेली, मुलगा परगावी. तेरा वर्षं ते बाईंना वाचून दाखवत होते, तेही विरामचिन्हांसकट. “राणी म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू माझी सावली परत दे उद्गारचिन्ह अवतरण पूर्ण.” नवख्या माणसाला ते ऐकून हसू फुटायचं. बाईंना मात्र त्याची इतकी सवय झाली होती की घरी एकट्या असताना त्यांच्या डोक्यातले विचारसुद्धा त्याच आवाजात, स्वल्पविरामांसकट चालत.

दोघांत कामापलीकडे बोलणं जवळजवळ नव्हतंच. ‘तुम्ही’च्या पुढे गाडी गेली नाही. बाई एकदा तापाने चार दिवस आल्या नाहीत, तर त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायला निघालेल्या व्यवस्थापकाला ते म्हणाले होते, “थांबू या. त्यांच्याशिवाय ताळा जमत नाही.” हे बाईंना शिपायाकडून कळलं. त्यांनी तोंडदेखलं “काहीतरीच” म्हटलं आणि ते वाक्य जपून ठेवलं.

दोघांनी मिळून तपासलेलं शेवटचं पुस्तक म्हणजे त्या प्रसिद्ध कादंबरीचा पहिला भाग. नदीपलीकडचा एक मुलूख, जिथे सूर्य उगवत नाही. तिथली राणी सैन्य मिळावं म्हणून आपली सावली गहाण टाकते, आणि शत्रूच्या सेनापतीवर तिचा जीव जडतो. रक्त, राख, शाप, मुडद्यांच्या फौजा, सगळं ओतप्रोत. पण त्या गदारोळात सतरा पानांपुरता एक नालबंद होता. फौजेच्या घोड्यांना नाल ठोकायचा. सैनिकांचे रक्ताळलेले कपडे धुणारी एक परटीण होती, तिच्यावर त्याचं प्रेम होतं, आणि ते तो तिला सांगत नव्हता. रोज तिच्या हातगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तेवढी ठीक करून द्यायचा. ती पानं वाचताना मूळप्रतवाल्यांचा आवाज थोडा हळू झाला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “हा माणूस मला आवडला.” तेरा वर्षांत कुठल्याही पुस्तकाबद्दल त्यांनी दिलेलं हे एकमेव मत. दुसऱ्या दिवशी पूल जळण्याचं प्रकरण आलं. त्यात नालबंद मरतो. ते प्रकरण त्यांनी पहिल्यांदाच एकही विरामचिन्ह न उच्चारता वाचलं, आणि बाईंनीही टोकलं नाही.

महिन्याभराने त्यांची जागा रद्द झाली. संगणक आले होते, लेखक मजकूर थेट पाठवू लागले होते, वाचून दाखवायला माणूस कशाला हवा? ते मुलाकडे राहायला गेले. जाताना म्हणाले, “बाई, डोळे जपा.” वर्षाअखेरीला त्यांचं एक कार्ड आलं, त्यावर पत्ता होता. बाईंनी उत्तराचे चार खर्डे केले. प्रत्येकात काही ना काही खटकत राहिलं. पाचवा केलाच नाही.

सात वर्षांनी दुसरा भाग आला, सहाशे पानांचा. बाईंनी तो एकटीने तपासला. दार लोटून घेऊन त्या स्वतःशीच मोठ्याने वाचत, विरामचिन्हांसकट. हा भाग पहिल्यापेक्षा काळा होता. राणी आणि सेनापती एकमेकांच्या मिठीत असताना त्यांच्या फौजा बाहेर एकमेकांना कापत होत्या. परटीण नदीकाठी नालबंदाचं प्रेत शोधत हिंडत होती. आणि मग तीनशे बाराव्या पानावर छावणीच्या वर्णनात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एक ओळ आली: ‘नालबंदाने घोड्याचा खूर उचलून पाहिला आणि मान हलवली.’

बाईंची पेन्सिल थांबली. चूक उघड होती. लेखकाने कुठल्या तरी जुन्या खर्ड्यातला परिच्छेद उचलून इथे घातला असणार आणि माणूस मेलाय हे विसरला असणार. समासात एक प्रश्नचिन्ह काढायचं, लेखकाला विचारायचं, संपलं. बाईंनी प्रश्नचिन्ह काढलं. खिडकीबाहेरच्या पाइपांकडे बघत थोडा वेळ बसल्या. मग त्यांनी ते खोडरबराने पुसलं, कागदावरचा चुरा हाताने झटकला आणि पान उलटलं.

एकतीस वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना त्यांना वाटत होतं, जणू दुकानातून काही उचलून आणलंय. पण झोप त्यांना छान लागली.

पुस्तक बाजारात आलं आणि वाचक त्यावर तुटून पडले. संस्थेत पत्रांचा नुसता पाऊस. दोन्ही भाग कुणाला तोंडपाठ, तर बाईंना. तेव्हा पत्रं वाचून निवडायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. एका निवृत्त फौजी गृहस्थांनी लिहिलं होतं की खंदकात गुडघाभर पाणी असताना माणूस असा तरातरा चालूच शकत नाही. एका कॉलेजकुमाराला लढाया जास्त आणि प्रेम कमी हवं होतं; एका आजींनी कळवलं की लढायांची पानं त्यांनी सरळ उलटून टाकली, तरी काही अडलं नाही. एकाने नकाशाच पाठवला होता: फौज नऊ दिवसांची वाट एका दिवसात चालून गेलीच कशी, म्हणून लाल शाईने जाब विचारलेला. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘राणीने सेनापतीला माफ करायला नको होतं. मी हे घरात बोलले, तर नवरा म्हणाला, प्रेमात माफ करावं लागतं. दोन दिवस आमचा अबोला होता.’

पण यातली निम्मी पत्रं एकाच ओळीबद्दल होती.

रविवारी भाचीचा फोन आला तो किंचाळतच. “मावशी! तू तर आधीच वाचलं असशील. खरं सांग, नालबंद जिवंत आहे ना?”

“कोण म्हणतं?”

“कोण म्हणतं काय! पान तीनशे बारा! अगं, सगळीकडे त्याचीच चर्चा चाललीय. पुलाखाली लोखंडी कड्या होत्या की नाही? पहिल्या भागात आहे बघ. तो त्या कड्यांना लटकून राहिला असणार. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईसुद्धा तेच म्हणाल्या.”

“लटकून? हात भाजले नसते का?”

“तो नालबंद आहे मावशी! त्याच्या हातांना सवय आहे आगीची!” भाची हसली, आणि मग एकदम तिचा आवाज बदलला. “मला ना, ती ओळ वाचून इतकं बरं वाटलं. आई गेल्यावर मी पहिला भाग वाचला होता. तुला आठवतंय? तो मेला तेव्हा मी पुस्तक फेकून दिलं होतं.”

बाईंना आठवत नव्हतं. त्यांना ते कधी कळलंच नव्हतं. “हो, हो,” त्या म्हणाल्या.

पत्रांतही हाच सूर. एका परिचारिकेने ती ओळ आपल्या रुग्णाला तीनदा वाचून दाखवली होती. एका ट्रकचालकाने लिहिलं होतं की तो गाडी चालवताना पुस्तकाचं ध्वनिमुद्रण ऐकत होता, आणि ही ओळ आल्यावर गाडी कडेला घेऊन रडला. कुणी नालबंदाचं चित्र काढून पाठवलं होतं, उंच, किंचित वाकलेला. बाईंनी ते चित्र बराच वेळ हातात धरलं. या सगळ्या लोकांना त्यांनी काहीतरी दिलं होतं आणि हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत त्या जेवणाच्या सुट्टीत स्वतःशीच हसत, आणि मग समोरच्या रिकाम्या टेबलाकडे पाहून गप्प होत. सांगायचं तरी कुणाला?

संस्थेची संपादिका बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, चटपटीत, सदा घाईत. तिने एकदा दारातूनच विचारलं, “बाई, लेखकमहाशयांनी नालबंदाचं तुम्हाला काही सांगितलं होतं का हो? मी फोन केला तर ‘बघू, बघू’ म्हणतात.”

“नाही,” बाई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

“म्हणजे काहीतरी मनात आहे त्यांच्या. झाकली मूठ ठेवू या. पत्रांना उत्तर एवढंच द्या: ‘काही उत्तरं काळच देतो.’ खाली संस्थेचा शिक्का.”

बाईंनी ते वाक्य एकशे साठ वेळा लिहिलं.

एकशे एकसष्टावं पत्र निळसर वहीच्या कागदावर होतं, अक्षर मोठं, ओळी चढत गेलेल्या. ‘मी कादंबऱ्या वाचत नाही,’ असं त्यात होतं. ‘माझं कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान आहे. एक गिऱ्हाईक हे दोन्ही भाग विसरून गेलं, म्हणून वाचले. माझा भाऊ बावीस वर्षांचा असताना लढाईवर गेला. पूल उडाला त्यात तो गेला असं आम्हाला कळवलं. सात महिन्यांनी एका इस्पितळाच्या यादीत त्याचं नाव आलं. एकच ओळ. ती लिहिणाऱ्याची चूक होती, हे दोन वर्षांनी कळवलं. तोवर आईने ती ओळ धरली होती, ती तिने सोडली नाही. ती एकोणीस वर्षं थांबली आणि थांबता थांबताच गेली. तुम्ही पान तीनशे बारावर तेच केलं आहे. तो मेला असेल तर मेला म्हणा. जिवंत असेल तर त्याला घरी आणा. मधे ठेवू नका. कळावे.’

पत्रात तीन चुका होत्या. बाईंना त्या दुसऱ्या वाचनात दिसल्या.

‘काही उत्तरं’ एवढं लिहून त्यांनी कागद बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. ते पत्र चार दिवस त्यांच्या पर्समध्ये घरी जात राहिलं आणि परत येत राहिलं. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी अर्धी सुट्टी टाकली, कपाटातून अस्तर उसवलेला आपला कोट काढला आणि पत्रावरच्या पत्त्यावर गेल्या.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. दोन मशिनं, भिंतीला लावलेली लांब फळी, तिच्यावर बटणांच्या बरण्या रंगांनुसार मांडलेल्या. मशिनवर साठीची एक बाई बसली होती, गळ्यात मोजायची टेप, ओठांत दोन टाचण्या. तिने कोट उलटा करून पाहिला, टाचण्या काढल्या आणि म्हणाली, “अस्तर बदलायला हवं. हे आता शिवण धरणार नाही. पण तात्पुरतं जोडून देते. बसा.”

बाई बसल्या. मशीन चालू झालं. कोट घ्यायचा आणि मुकाट्याने निघून जायचं, असं त्यांनी येतानाच ठरवलं होतं. फक्त पाहून यायचं. पण मशीन थांबलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, “तुम्ही पत्र पाठवलं होतं. पुस्तकाबद्दल.”

दुरुस्तीवालीने मान वर केली. “तुम्ही लेखिका?”

“नाही. लेखक एक गृहस्थ आहेत. मी प्रूफं तपासते. म्हणजे चुका काढते.”

“मग?”

“ती ओळ चूक आहे. लेखक विसरले. ती मला दिसली होती. मी खूण केली आणि पुसली.”

“दिसली होती, आणि तुम्ही राहू दिलीत?”

“हो.”

“का?”

“मला तो मरायला नको होता.”

दुरुस्तीवाली रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. ती उठली, मागच्या कपाटातून एक शर्ट काढून आणला आणि फळीवर पसरला. पांढरा, जुना, घडीवर पिवळा पडलेला.

“आई पण हेच काम करायची,” ती म्हणाली. “दर वर्षी भावाचे शर्ट काढायची आणि अर्ध्या बोटाने सैल करायची. म्हणायची, आता तिशीला आला, अंगाने भरला असेल. मग म्हणायची, आता चाळिशी आली. हे बघा.” तिने शिवणीवर बोट फिरवलं. एकाशेजारी एक, जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी होत्या. “शिवणीत कापड उरलं नाही तेव्हा तिने बाजूने पट्टी जोडली. बावीस वर्षांचा काडीसारखा पोरगा हो. आणि हा शर्ट बघा, आता कुणा पोट सुटलेल्या माणसाचा आहे. असा माणूस जगात झालाच नाही.”

बाईंनी शर्टाला हात लावला नाही.

“यादी लिहिणाऱ्याला मी कधी शिव्या दिल्या नाहीत,” दुरुस्तीवाली पुढे म्हणाली. “चुकला बिचारा. एवढी नावं लिहायची म्हणजे होतं. पण समजा त्याला चूक दिसली असती, आणि त्याने म्हटलं असतं, असू दे, म्हातारीला बरं वाटेल... तर?”

शर्टाची घडी घालत दुरुस्तीवालीने विचारलं, “म्हणजे तो मेला?”

“मेला. पुलावरच.”

“बरं.” तिने शर्ट कपाटात ठेवला, पुन्हा मशिनवर येऊन बसली आणि दोरा कापला. “ती परटीण मात्र चांगली लिहिलीय तुमच्या लेखकाने. हात कसे फुटतात ते बरोबर लिहिलंय.” मग कोट झटकून पुढे केला. “घ्या. अस्तर बदलून घ्या मात्र.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई संपादिकेच्या खोलीत गेल्या आणि उभ्या राहूनच सगळं सांगितलं. दुकानाचं नाही, फक्त खोडरबराचं. संपादिकेला आधी कळेचना.

“बाई, तुम्ही? तुम्ही चूक सोडलीत? मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“अहो, पण कशासाठी? आणि सोडलीत तर सोडलीत, आता सांगताय कशाला? लोक खूश आहेत!”

“सगळे नाहीत,” बाई म्हणाल्या.

लेखकाला बोलावलं. पन्नाशीचा, लाजाळू, सर्दी झालेला माणूस. इतक्या युद्धांचा आणि शापांचा धनी, पण खुर्ची ओढतानासुद्धा माफी मागणारा. त्याने पान तीनशे बारा वाचलं, रुमालाने नाक पुसलं आणि कबूल केलं. “मला वाचकांच्या पत्रांवरूनच कळलं. पहिल्या खर्ड्यात मी त्याला मारला नव्हता. तिथून ही ओळ आली. मग इतकं कौतुक व्हायला लागलं की बोलायची हिंमतच झाली नाही.” त्याने बाईंकडे पाहिलं. “तुम्हाला दिसली होती, हे ऐकून खरं सांगायचं तर बरं वाटलं. मला वाटत होतं, माझ्याखेरीज ही चूक कुणाला दिसलीच नाही.”

“मग आता त्याला जिवंत करता येईल का?” संपादिकेने विचारलं.

लेखकाने पुस्तक मिटलं. “नाही. परटीण त्याला शोधत हिंडते, त्यावरच तर हा भाग उभा आहे. तो जिवंत असला तर तिने सहाशे पानं नुसते पाय झिजवले.”

नव्या आवृत्तीतून ओळ काढायची ठरली, आणि चूकदुरुस्तीची टीप जाहीर करायची ठरली. टीप बाईंनीच लिहिली: ‘पृष्ठ ३१२, ओळ १९ मधील नालबंदाचा उल्लेख अनवधानाने राहिला आहे. नालबंद पहिल्या भागात पुलावर मरण पावला. चुकीची जबाबदारी मुद्रितशोधकाची.’ शेवटचं वाक्य संपादिकेला नको होतं, आणि ‘अनवधानाने’ हा शब्द बाईंना. शेवटी दोन्ही राहिले. ती टीप बाईंनी एकशे साठ वाचकांना स्वतंत्रपणे पाठवली. दुरुस्तीवालीला पाठवायची गरज नव्हती, तरी पाठवली.

मग व्हायचं ते झालं. जे वाचक कौतुक करत होते तेच तुटून पडले. ‘एका माणसाच्या हलगर्जीपणाने आमची चेष्टा झाली.’ ‘असल्या मुद्रितशोधकाला घरी बसवा.’ ट्रकचालकाने एका ओळीचं पत्र पाठवलं: ‘मी रडलो ते परत द्या.’ परिचारिकेने लिहिलं की तो रुग्ण आता नाही, त्याला हे कळलं नाही ते बरंच झालं. नकाशावाल्याने मात्र अभिनंदन केलं आणि त्या नऊ दिवसांच्या वाटेचं काय झालं, ते पुन्हा विचारलं.

रविवारी फोन वाजला तेव्हा बाईंनी भाचीला आडपडदा न ठेवता सांगितलं. “त्या टिपेतला मुद्रितशोधक म्हणजे मी. आणि ते चुकून नव्हतं. मला तो मरायला नको होता.”

भाची म्हणाली, “मी तुला फोनवर कड्यांचं सांगत होते. तू ऐकून घेतलंस. ‘हात भाजले नसते का’ विचारलंस!”

“हो.”

“तुला माहीत होतं आणि तू मला बोलू दिलंस, मावशी.” फोन बंद झाला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

कामावरून बाईंना काढलं नाही. इतक्या वर्षांची अब्रू थोडी कामी आली. पण कथा-कादंबऱ्या त्यांच्याकडून गेल्या. आता त्यांच्याकडे रेल्वेच्या सामानाची सूचिपत्रं आणि पारिभाषिक कोश येऊ लागले. त्यात कुणी मरत नव्हतं, कुणी कुणावर प्रेम करत नव्हतं. बाई ते मनातल्या मनात वाचत. मोठ्याने वाचणं सुटलं.

अशाच एका रविवारी, फोन येणार नाही हे समजल्यावर, त्यांनी ते जुनं कार्ड काढून पत्त्यावर पत्र लिहिलं. खर्डा वगैरे केला नाही. ‘आपण कसे आहात? आहात ना? एवढंच कळवावं.’ दुरुस्तीवालीच्या दुकानातून आल्यापासून हा प्रश्न त्यांच्या मागे लागला होता. सात वर्षं त्यांनीही एका माणसाला मधे ठेवलं होतं.

उत्तर बारा दिवसांनी आलं, सुनेच्या हातचं. मामंजी मागच्या वर्षी गेले. फुप्फुसांचं दुखणं होतं, फार दिवस पडून नव्हते. आपण कोण ते कळलं नाही, पण आठवण ठेवलीत म्हणून आभार. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, पाणी प्यायल्या आणि कामावर गेल्या. दिवसभर नटबोल्टांच्या मापांची यादी तपासली. एकही चूक सुटली नाही. घरी येऊन कोटसुद्धा न काढता त्या खुर्चीवर बसल्या, त्या दिवे लागेपर्यंत बसूनच होत्या.

त्या महिन्याच्या शेवटी भाचीच दारात उभी राहिली. रागावलेली होतीच, पण आली होती. “फोनवर भांडता येत नाही,” ती आत येत म्हणाली. “समोर बसून भांडू. का केलंस ते नीट सांग. ‘मरायला नको होता’ हे लोकांना सांगायला ठीक आहे, मला नको.”

बाईंनी तिला सुनेचं पत्र दिलं. भाचीने ते वाचलं. मागे उलटून पाहिलं, कोरं होतं.

“हे कोण?”

“माझ्यासमोर बसायचे. तेरा वर्षं.”

भाची खुर्चीच्या कडेवर टेकली. राग कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं. “आईला माहीत होतं?”

“माहीत असण्यासारखं काही नव्हतंच गं.”

“असं कसं? तेरा वर्षं... दिसायला कसे होते?”

बाई सांगायला लागल्या. उंच होते, थोडे वाकायचे. हात मोठे होते, डाव्या अंगठ्याचं नख फाटकं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आवाज कसा, ते तर त्यांनी वाक्य म्हणूनच दाखवलं. मग चेहऱ्याशी आल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. तेरा वर्षं दोघांच्याही नजरा कागदावर होत्या. डोळ्यांचा रंग कुठला, हसल्यावर कुठे सुरकुती पडायची, यातलं काहीच त्यांना सांगता येईना.

“नाक?” भाचीने हळूच विचारलं.

“सरळ असावं,” बाई म्हणाल्या. “नक्की नाही सांगता येणार.”

भाचीने पर्स खाली ठेवली, चपला काढून दाराशी नीट ठेवल्या, आणि मावशीच्या शेजारची खुर्ची ओढून संध्याकाळपर्यंत बसली.